चारशे एकरांचा ग्रह

"डोळं पुरतं मिटा, बाई. अर्ध्या डोळ्यानं चालायचं न्हाई," मिश्रीलाल म्हणाला.

शीलाबाईंनी डोळे घट्ट मिटले. त्यांच्या चिमटीत ज्वारीचा एकच दाणा होता आणि समोर, मिश्रीलालच्या भुसाराच्या दुकानामागच्या खोलीत, दोन पोत्यांवर टाकलेल्या फळीवर एक अख्खा ग्रह पसरला होता. त्यांचा हात कागदावरून दोनदा फिरला. दाणा पडला, टुणकन उडाला, जरा घरंगळला आणि थांबला.

"कशाचा दाणा त्ये आदी सांगायचं असतं, बाई," सावळेराम पेन्सिलीला टोक काढत म्हणाला. "तुमी सांगितलंच न्हाई."

"माणसाचा," शीलाबाई म्हणाल्या.

सावळेरामची पेन्सिल थांबली. सहा वर्षांत त्या ग्रहावर कुणी माणूस ठेवला नव्हता.

हे तिघं घोडेगावात दर रविवारी दुपारी जमत. कुणी विचारलं तर मिश्रीलाल सांगायचा, "आमचं अवकाश मंडळ हाय." गावानं हसायचं तेवढं हसून घेतलं होतं. मिश्रीलालचं सगळं खगोलशास्त्र पुड्या बांधायच्या रद्दीतून आलेलं, त्यामुळे गुरूच्या चंद्रांची त्याला खडान्‌खडा माहिती, पण शनीची बातमी नेमकी कोपऱ्यात फाटलेली असल्यानं शनीबद्दल तो फारसं बोलत नसे. शीलाबाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. विज्ञान दिनाला पोरांना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दाखवायला न्यायच्या आणि पोरांपेक्षा जास्त खुळावून परत यायच्या. तिसरा सावळेराम, जमीन मोजणीच्या कचेरीतला मोजणीदार, पन्नाशीचा, अबोल. सत्त्याण्णव साली मंगळावर उतरलेल्या छोट्या गाडीचे फोटो पेपरात आले तेव्हा शीलाबाई म्हणाल्या, आपणही एक ग्रह करू या की. सावळेरामनं कचेरीतला ट्रेसिंगचा मोठा कागद आणला आणि तिथंच घोळ झाला. त्याचा हात गावनकाशाच्या प्रमाणाला बसलेला. महिन्याभरानं शीलाबाईंनी हिशेब मांडला तर ग्रह भरला फक्त चारशे एकरांचा!

"मोजणीदार, एवढ्याशा ग्रहाला आमच्या पेठ गावातला शेतकरीसुद्धा तुकडा म्हणतो," असं म्हणून त्या पोट धरधरून हसल्या होत्या. पण शाईनं काढलेलं खोडायचं नाही ही मोजणीदाराची शिस्त, म्हणून ग्रह तेवढाच राहिला.

नियम सोपा होता. दर रविवारी एकानं एक गोष्ट ठेवायची. तिचं नाव सांगायचं, डोळे मिटून दाणा टाकायचा आणि तिघांनी 'मंजूर' म्हटलं की सावळेरामनं शाई फिरवायची. टेकाडं, खड्डे, एक दगडी चौथरा, सात दाण्यांतून जोडलेली एक सुकी नदी. पाणी मात्र कुठंच नाही, ही मिश्रीलालची अट. ग्रहाचं नावही त्यानंच ठेवलं होतं, कोरडा.

"माणूस नगं, बाई," सावळेराम म्हणाला. "एकटा काय करंल त्यो तिथं?"

शीलाबाईंचे डोळे भरून आले. आठवड्यापूर्वीच एक यान पृथ्वीवर परत येता येता आकाशात जळून गेलं होतं, सात माणसांसकट. "ते कुठेतरी पोचले असतील, निदान एखादा तरी, असं मला वाटू द्या की," त्या म्हणाल्या. "तो बसलाय तिथं. पाठमोरा. कशाला तरी टेकून."

"त्याला ऐकू येतंय, पर बोलता येत न्हाई," मिश्रीलाल म्हणाला आणि आपल्याच बोलण्यानं दचकला. "हे मी का बोललो, राव?"

शेवटी सावळेरामनंही 'मंजूर' म्हटलं आणि शाईचा ठिपका दिला. त्या दिवशी चहा तसाच निवला.

सावळेरामला माणूस नको होता, त्याचं कारण त्या दोघांना ठाऊक नव्हतं. त्याचं सावरवाडी हे गाव दहा वर्षांपूर्वी धरणात गेलं, आणि जाण्याआधी ते मोजलं होतं त्यानंच. थोरला भाऊ भिमाजी रोजंदारीवर त्याच्या हाताखाली मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरायचा. सहा वर्षं धरलं. स्वतःच्या घराशी साखळी आली तेव्हा त्यानं ती टाकून दिली. "आपुन न्हाई मोजलं तर दुसरा कुनी मोजंल, दादा," असं सावळेराम म्हणाला होता. ते खरंच होतं, पण खरं असून उपयोग काय!

पाणी चढायला लागलं, लोक घरं उसवून वासे-कौलं घेऊन पेठ गावाजवळच्या नव्या वसाहतीत गेले. भिमाजीच्या घराचं आढं, छपराची मधली तुळई, तेवढं राहिलं होतं. ते आणायला तो भर पावसात परत निघाला. सावळेराम आडवा गेला तर म्हणाला, "घर मोजलंस न्हवं? आता मलाबी मोज." गेला तो गेला. तीन दिवस घोड नदीचा काठ आणि बुडतं घर धुंडाळलं, माणूस सापडला नाही. कुणी म्हणालं भोसरीला दिसला, कुणी म्हणालं बुवा झाला. वहिनी, सरूबाई, रोज सकाळी कुंकू लावत राहिली. भावकी म्हणाली, दिवस घाल. ती म्हणाली, "कशावर घालू? काय सापडलंय तुमाला?" दर दिवाळीला ती दिराला एवढंच विचारायची, "भावजी, कळलं का काय?" आणि दर दिवाळीला सावळेराम मान हलवायचा. ते "न्हाई" त्याला आतून खाऊन टाकत होतं.

मे महिन्यात ग्रहाचा कागद घडीवर फाटला, म्हणून नवी नक्कल करायला सावळेरामनं तो कचेरीत नेला. दुपारची वेळ, साहेब जेवायला गेलेले. काचेच्या टेबलावर सावरवाडीचा जुना गावनकाशा पडला होता. त्या दुष्काळी वर्षी धरण तळाला गेलं होतं आणि वसाहतीतल्या कुणीतरी नकलेसाठी अर्ज केला होता. सावळेरामनं ग्रहाचा कागद त्यावर ठेवला, खालचा दिवा लावला आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

सुकी नदी नदीवर बसली होती, वळणासकट. मिश्रीलालचा चौथरा भैरोबाच्या देवळावर. शीलाबाईंचे दोन खड्डे दोन विहिरींवर. त्यानं कागद उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा ठेवला. आपला हात जुन्या सवयीनं वळला असेल, असं तो स्वतःला समजावू लागला. पण हात त्याचा फक्त शाईपुरता होता. दाणे टाकले होते तिघांनी, डोळे मिटून, आणि त्यातल्या दोघांनी सावरवाडी कधी पाहिली नव्हती.

माणसाचा ठिपका घरावर नव्हता, नदीतही नव्हता. तो एकसष्ट नंबरच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात होता, बांधाच्या आडोशाला. तिकडं कुणी शोधलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो वसाहतीत गेला. "वहिनी, येक जागा बघायची राह्यलीया."

सरूबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी सांगितलं, कसं कळलं, काही विचारलं नाही. फडक्यात दोन भाकरी बांधल्या आणि चपला घातल्या.

मोजणीची साखळी, सळया आणि कुदळ घेऊन भर उन्हात ते धरणाच्या तळात उतरले. जिथवर नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ, करडा आणि उघडा. पक्षी नाही, गवताची काडी नाही. पाण्यानं दहा वर्षं धरून ठेवलेली शांतता तिथं अजून तशीच होती. भैरोबाचा चौथरा तेवढा वर आलेला, आणि पलीकडं लांब उरलेल्या पाण्याची एक पट्टी.

"देवळापासनं चार साखळ्या," सावळेराम म्हणाला. त्यानं साखळीची पितळी मूठ सरूबाईच्या हातात दिली. "ही हितं दाबून धरायची. मी पुढं सळई रोवून हाक मारली की त्या सळईपातुर यायचं."

पहिली साखळी झाली. दुसरी झाली. तिसरीला तो पुढं चालत गेला, साखळी ताणली, तशी ती मागूनही ताणली गेली. सरळ, घट्ट, शेवटी जरा डावीकडं ओढून. तसं ओढायची खोड एकट्या भिमाजीची होती. सावळेरामनं सळई रोवली आणि वळून पाहिलं.

सरूबाई मागं पहिल्या सळईपाशी खाली बसली होती आणि दोन्ही हातांनी चपलेचा तुटलेला अंगठा बसवत होती. दुसऱ्या सळईजवळ पितळी मूठ जमिनीवर होती, तिथं कुणीच नव्हतं. साखळी मात्र ताणलेलीच होती. भेगेत अडकली असेल, असं तो मोठ्यानं म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ऐकायचा होता. मग हळूहळू साखळी ढिली पडली.

चौथी साखळी त्यानं टाकलीच नाही, पावलांनीच मोजून गेला. बांधाचे दगड गाळातून डोकं काढून होते. त्यानं कुदळ मारली, चौथ्या घावाला लाकूड वाजलं. ते सागाचं आढं होतं. सरूबाई येऊन शेजारी बसली आणि हातांनी गाळ उपसू लागली. आढं बांधाला आडवं पडलं होतं आणि त्याच्याखाली, दगडांना टेकून, भिमाजी मनगटात घालायचा ते तांब्याचं कडं. त्यावर हिरवा गंज चढला होता. कडं रिकामं नव्हतं.

सावळेराम लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "दादा, मी आलो रं," एवढंच त्याला म्हणता आलं.

सरूबाई रडली नाही. तिनं कड्यावरचा गाळ बोटानं निपटून काढला. "आढं घिऊन माघारी घराकडंच निघाले व्हते," ती म्हणाली. "पळून न्हवते गेले. लोक कायबाय बोलायचे."

"पोलीस पाटलाला सांगावं लागंल, वहिनी."

"सांगा. पर आज तिथ कोनती हाय?"

सावळेरामला आजची तारीख ठाऊक होती, तिथी नाही. त्यानं बोटांवर मोजलं, चुकला, पुन्हा मोजलं. "वैशाख वद्य दशमी आसंल."

"मग हीच धरू. दर साली हीच," सरूबाई म्हणाली.

ती उठली. तिचा हात कपाळाकडं गेला आणि मधेच थांबला. दोन्ही तळवे गाळानं माखले होते. ती तशीच हात अंगापासून दूर धरून चालत निघाली, तळातून, थेट त्या पाण्याच्या पट्टीपर्यंत. सावळेराम तिला लहान लहान होताना बघत राहिला. काठावर बसून तिनं हात कोपरापर्यंत धुतले, नखांतला गाळ काढला, पदराला कोरडे पुसले. मग त्या स्वच्छ हातानं तिनं कपाळावरचं कुंकू पुसलं.