रंगाखालचा नंबर

विमावाले साहेब दहाला येणार म्हणून आदल्या दिवशी मी ट्रॅक्टरला निळा रंग दिला. एक हात पुरला असता, मी दोन दिले.

ट्रॅक्टर छोटासा, फळबागेतल्या दोन ओळींमधून सहज जाणारा. घरात त्याला सगळे ठेंगू म्हणतात. सहा वर्षं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवून माझ्या लेकीने तो घेतला. जुना, पण स्वतःचा. त्याचा आधीचा विमा साहेब येणार त्याच दिवशी संपत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिला एका बागेच्या कामावर जायचं होतं, आणि विम्याशिवाय ठेंगू दाराबाहेर काढायचा नाही हा तिचाच नियम.

साहेब आले, वाकले. "चेसिस नंबर कुठंय?"

हा नंबर ट्रॅक्टरच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की तो कागदावर उतरतो. साहेबांनी घासली. कागद नुसता काळा झाला.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, किती हात दिलेत?"

"दोन. तिथे तीन. जरा गंज होता."

घरातून आमच्या हिचा आवाज आला, "फाटक रंगवा म्हणून चार वर्षं सांगतेय. त्याच्या नशिबी एकही हात नाही."

मी पातं आणायला उठलो.

"आजोबा, खरवडू नका," साहेब म्हणाले. "अंकांवर ओरखडे दिसले तर नंबर बदलल्याचा संशय येतो. मग विमा अडकला. मी बारापर्यंत थांबतो."

लेकीने जुन्या बनियनचा बोळा थिनरमध्ये भिजवून रंगावर ठेवला. घासला नाही. रंग मऊ झाल्यावर टिपून घेतला, पुन्हा ठेवला. माझे हात शिवशिवत होते. तिला पाटीवर गिरवायला शिकवताना "हात हलका ठेव" म्हणणारा मीच.

पाऊण तासाने अंक वर आले. तिने पेन्सिल फिरवली. साहेबांनी एकेक अंक कागदपत्रांशी ताडून पाहिला.

"जुळला. आधीचं काही नुकसान?"

"काही नाही," मी म्हणालो.

"आहे," लेक म्हणाली. "डाव्या मडगार्डला पोचा आहे. बाबांनी पुट्टी भरून रंगवलाय. हात फिरवा, कळेल."

साहेबांनी हात फिरवला. "मला दिसला नसता. लिहिला तर याची भरपाई कधी मिळणार नाही हं."

"तो माझ्याच हातून पडलाय. लिहा."

त्यांनी लिहिला. मग मोबाइल काढून मला म्हणाले, "आजोबा, ट्रॅक्टरजवळ या. मालकाचा फोटो लागतो."

"मग तिचा काढा," म्हणत मी बाजूला झालो.

बाराच्या आत विमा झाला. तो फोटो आता भिंतीवर आहे. त्यात लेक ताठ उभी आहे, आणि चकचकीत निळ्या रंगात बोटभर उघडं लोखंड दिसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी आधी तेच दाखवतो.