खाणीकडे तोंड केलेला भोंगा

मित्रांनो, महापालिकेच्या एका कार्यालयाच्या माळ्यावर, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, पोचे आलेला एक भोंगा पडला आहे. तो मी. माझ्यातून आवाज निघाला त्याला बरीच वर्षे झाली. तरीही एका सभेची हकीकत मला सांगितली पाहिजे, कारण ती माझ्यादेखत, मी तेव्हा ज्या गच्चीवर होतो तिच्या खालच्या अंगणात घडली.

बुधवार पेठेमागच्या एका लहान कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आकार देऊन मला घडवले. तिथून मी नगर रस्त्यावर, वाघोलीच्या अलीकडच्या एका गावात आलो. त्या गावाचे नाव आता फक्त बसच्या पाटीवर उरले आहे. माझ्याआधी तिथे हलगी होती. दवंडी पिटण्याचे काम गावाने काही घरांवर पिढ्यान्‌पिढ्या लादले होते. छप्पन्न साली त्या घरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि हलगी खाली ठेवली. गावाने नाक मुरडले, काही वर्षे चावडीच्या दारावर कागद डकवून भागवले, आणि वीज आल्यावर मला आणून ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवले.

माझे तोंड पूर्वेला, म्हणजे बौद्ध वस्तीकडे होते. पोलिओचा डोस, पाण्याचा टँकर, हरवलेली शेळी, ग्रामसभा, सगळे मी सांगत असे. पंचायतीचा शिपाई मच्छिंद्र माईकसमोर घसा खाकरायचा, तोही घराघरांत ऐकू जायचा. "भोंगा बोलला म्हणजे खरं," असे लोक म्हणत. हे कौतुक मला आवडत असे.

मग नगर रस्त्याच्या कडेने काचेच्या इमारती उठू लागल्या. ज्या माळरानाला कुणी विचारत नव्हते, तिथे मोटारी थांबू लागल्या. ग्रामसभेत लोक प्रश्न विचारू लागले, आणि सरपंच हिंमतराव यांना प्रश्नांचा कंटाळा येऊ लागला. एका उन्हाळ्यात त्यांनी मच्छिंद्रला शिडी लावायला सांगितली.

"पोरांच्या परीक्षा हायेत. आवाजाचा तरास होतोय. तोंड तिकडं कर."

तिकडे म्हणजे पश्चिमेला, दगडाच्या खाणीकडे. तिथे दिवसभर खडी फोडणारी यंत्रे धडधडत असत. परीक्षा संपल्या. माझे तोंड तसेच राहिले.

त्यानंतरच्या ग्रामसभांचा पुकारा मी खाणीला ऐकवला. सभेला मोजकी माणसे यायची, ती सरपंचांचीच. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब व्हायची. अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरायची, आणि तिला गणपूर्ती लागत नसे. त्या अर्ध्या तासात चहा होई. चहानंतर ठराव होई. चुकून आलेला एखादा गावकरी "तहकूब" ऐकताच घरी जाई. तहकूब म्हणजे संपली, हे हिंमतरावांनी गावाच्या अंगवळणी पाडले होते.

अशाच एका ठरावात गायरानातली वाट गेली. बौद्ध वस्तीतून हमरस्त्यावर येण्याची ती एकच वाट. ती एका कंपनीच्या कुंपणात घ्यायला ग्रामपंचायतीची हरकत नाही, असे ठरले. वस्तीला हे कळले ते जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्यावर. वस्तीतल्या कांताबाई स्वारगेटजवळच्या एका खानावळीत पोळ्या लाटायच्या आणि त्या वाटेनेच पहाटेची बस गाठायच्या. वाट बंद झाली तर खाणीच्या काठाकाठाने जावे लागणार होते, आणि शाळेच्या पोरांनाही तसेच. त्या तडक पंचायतीत आल्या.

"भाऊसाहेब, सभा कवा झाली?" त्यांनी ग्रामसेवकांना विचारले. ग्रामसेवक यज्ञेश्वर शनिवार पेठेतून रोज स्कूटरवर येत. त्यांनी मान वर केली नाही.

"झाली. रीतसर पुकारा झाला होता. आपण झोपला होतात का?"

"आमच्याकडं आवाजच आला न्हाई."

"तो आवाजाचा दोष. सभेचा नव्हे."

"शंभर माणसं लागत्यात म्हनं सभेला. शंभर माणसं आलती?"

"अहो, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पाच डोकी असली तरी चालते. कायदा आहे, आपण वाचला नसेल."

हिंमतराव दारातच उभे होते. "ऐकू यायला पायजे हुतं, तर तुझ्या सासऱ्यानं हलगी खाली ठिवायची नव्हती," ते म्हणाले. दोघेचौघे हसले. मच्छिंद्र हसला नाही.

कांताबाई त्यांच्याकडे वळल्या. "हलगी ठिवली तेच बरं केलं त्यांनी. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा दरसाल ठरलेलीच असती, ती पुकारावी लागत न्हाई, सरपंच. ती तारीख शाळेतल्या पोराला बी ठावी हाय."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर अख्खी वस्ती अंगणात येऊन बसली. कांताबाई घरोघर फिरल्या होत्या. गावातली गुरे पाळणारी काही घरेही आली, कारण गायरान त्यांचेही होते. हिंमतरावांची माणसे दुसऱ्या बाजूला होती. सगळे मिळून गणपूर्ती झाली.

"वाटेचा ठराव रद्द करा," कांताबाई म्हणाल्या.

"इषयपत्रिकेत न्हाई."

"सरपंच, मी पंधरा दिसामागं अर्ज दिलाय. भाऊसाहेबांचा शिक्का हाय त्याच्यावर."

यज्ञेश्वरांनी कागद चाळले. "आहे," ते कोरडेपणाने म्हणाले. "आयत्या वेळी नव्हे, आधी आलेला आहे."

आता हात वर करायची वेळ येणार होती, आणि हात कुणाचे जास्त ते गच्चीवरून मला स्पष्ट दिसत होते. हिंमतरावांनाही दिसत होते. त्यांनी आपल्या माणसांना खूण केली. ती सगळी उठून अंगणाबाहेर गेली.

"मोज भाऊसाहेब. गणपूर्ती हाय का?"

"आता नाही."

"मग सभा तहकूब. मच्छिंद्र, माईक आत ने." आणि वस्तीकडे बघून ते म्हणाले, "जावा घरला. झेंड्याला आला, लई झालं."

कंपनीने हमरस्त्यालगत मांडव घातला होता. तिथे जिलेबी होती आणि साहेब लोक यायचे होते. हिंमतराव आपल्या माणसांसह तिकडे गेले. मित्रांनो, गावाला लावलेली सवय त्यांना स्वतःलाच लागली होती. तहकूब म्हणजे संपली, असे तेही मानू लागले होते.

वस्ती उठली नाही.

"जावा की आता," मच्छिंद्र पुटपुटला.

"का बरं? भाऊसाहेब, नोटिशीत खाली काय लिवलंय ते वाचा जरा."

यज्ञेश्वरांनी चष्मा पुसला. "गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल."

"मग आमी बसतो. पाच डोकी असली तरी चालतंय म्हनला हुता तुम्ही. आमी लई हाय."

यज्ञेश्वरांनी नोटीस पुन्हा एकदा वाचली. ते भले गृहस्थ नव्हते, पण उद्या चौकशी आली तर सही आपली असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. घड्याळाकडे पाहत ते म्हणाले, "सरपंच उपस्थित नाहीत. उपसरपंचही नाहीत. सभेने अध्यक्ष निवडावा."

माईक आत होता. मी गच्चीवर मुका होतो, खाणीकडे तोंड करून. खाली कांताबाई उघड्या आवाजात बोलल्या आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. हात वर झाले. ठराव रद्द झाला.

हिंमतराव परत आले तेव्हा अंगण रिकामे होते. यज्ञेश्वर कार्यवृत्तावर सही करत होते.

"कुनाला इचारून केलं हे?"

"सभेला. आपण नव्हतात."

"तुला बगतो मी."

"अवश्य. बदलीचा अर्ज मीच लिहून ठेवला आहे."

भाऊसाहेबांची बदली झाली. वस्तीचा टँकर महिनाभर उशिरा येत राहिला. मला मात्र काहीच न करता शिक्षा झाली. "ह्यो भोंगा अपशकुनी हाय," म्हणत हिंमतरावांनी मला खाली उतरवले. पुढे गाव महापालिकेत गेले, ग्रामपंचायत गेली आणि सामानासोबत मी या माळ्यावर आलो.

ती वाट अजून आहे. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या उंच भिंती आहेत, आणि मधून वस्तीतली मुले शाळेत जातात. पण आता तिथे ग्रामसभा भरत नाही. त्या वाटेचे काय करायचे ते दूरच्या एका सभागृहात ठरते, आणि तिथे जायला पास लागतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसायला येऊ नका. त्या सभागृहात जा. एकट्याने जाऊ नका. सभा कधी आहे ते विचारा, आणि दारात अडवले तर का अडवले ते लेखी मागा. नुसत्या बोलण्याची किंमत किती असते, ते मला चांगले माहीत आहे.