देवाच्या घरून माघारी

माझी सून अनसूया दोन दिवसांपासून अडली व्हती. सुईणीनं हात टेकले, तवा माझ्या लेकानं, भुजंगनं, गाडी जुंपली आन् आमी मानवतजवळच्या मिशनच्या दवाखान्यात आलो. फाटकावर पाटी, वर उर्दू, खाली मराठी. भुजंगनं वाचली, "बेथेल."

"म्हंजी काय रं?"

त्याला काय ठाव! दवाखान्यातली नर्स, मार्थाबाई, धावत आली व्हती. ती म्हणली, "देवाचं घर, बाई."

मी गाडीतूनच वरडले, "भुजंग, बैलं फिरव!"

माझी थोरली बहीण बायना. आईनं नवस फेडाया तिला खंडोबाला मुरळी सोडली. देवाच्या घरी गेली ती माहेरच्या उंबऱ्यात परत आलीच न्हाई. पाठची मी, तर मला कोण नेऊ नये म्हणून नाव ठेवलं कडूबाई. देवाच्या घरात जलमलेलं लेकरू देवाचंच व्हणार, एवढं मला कळत व्हतं. आन् हा तर परका देव.

"आई, ती मरायलीय!" भुजंग वरडला.

"दिसायलंय मला! पर ती जगली आन् लेकरू हितंच ऱ्हायलं, तर तिला काय सांगू?"

"कोण ठिवून घेईल लेकरू?" मार्थाबाईनं इचारलं.

"तुमचा देव!"

बाई हसली न्हाई, म्हणून तर मी ऐकलं. गाडीत चढली, अनसूयाच्या पोटावर हात ठिवला आन् भराभरा सांगाया लागली.

"याकोब नावाचा माणूस घरातून पळाला व्हता. उघड्यावर, दगड उशाला घिऊन झोपला. सपनात देव म्हणला, जाशील तिथं मी तुझ्यासंगं हाय, आन् तुला माघारी तुझ्या मुलखात आणीन. सकाळी त्यानं त्या दगडावर तेल वतलं, जागेला बेथेल म्हणला, आन् आपल्या वाटंनं गेला."

"देवानं ठिवून न्हाई घेतला?"

"न्हाई, बाई. घरी आणला."

दगडावर तेल! हे मला लगेच उमगलं. बांधावरच्या म्हसोबाला मी तेल घालते आन् खुरपायला जाते. त्यानं कवा धरून ठिवलंय मला?

"मग आधी सांगाया काय झालतं? उचला की तिला!"

दुपारी नात रडली. सून बी वाचली. व्हरांड्यात बसून मी पोटभर रडले, लय हलकं वाटलं.

निघायच्या दिवशी मार्थाबाईनं नात माझ्या वटीत घातली. फाटकापतूर मी तिला घट्ट धरूनच व्हते. कुणी आडवं आलं न्हाई. फाटकाला अडण म्हणून एक दगड व्हता. लेकराच्या मालिशचं तेल मी त्याच्यावर वतलं.

"आई, लोकं बघायलेत," भुजंग म्हणला.

"बघू दे. बेठेल हाय ते."

"बेथेल," मार्थाबाई मागून म्हणली. "थ. जीभ दाताला लावा."

"दात कुटं ऱ्हायलेत, बाई!" म्हणलं. ती बी हसली.

घरी उंबऱ्यावर शेजारणीनं माय-लेकीवरून भाकरतुकडा उतरवून टाकला. "नाव काय ठिवायचं गं, कडूबाई?"

"बायना," मी म्हणलं. "देवाच्या घरून माघारी आलीय."