बर्फपेटीतून आलेलं पत्र

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या, पायऱ्याही भरल्या होत्या, आणि उशिरा आलेली मंडळी भिंतीला टेकून माना उंचावत होती. सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या एका पांढऱ्या पेटीवर खिळले होते. पेटीवर निळं मखमली कापड, कापडावर चंदेरी तारे. कापडाखालून निघालेली वायर भिंतीतल्या प्लगात गेली होती; पण तारे चमकत असताना वायर कोण बघतो?

फाईलताईंनी बघितली. त्या विश्वस्त सेवा कार्यालयात बावीस वर्षं नोकरीला होत्या. आपल्या मागे आपल्या माणसांचं काय होणार, या काळजीनं लोक तिथं येत. घर, ठेवी कार्यालयाच्या हवाली करत आणि कुणासाठी काय करायचं ते लिहून देत. कशाचाही विषय निघाला की ताई म्हणत, “थांबा, फाईल बघू.” त्यावरून त्यांना हे नाव पडलं, आणि त्यांनीही ते मुकाट्यानं स्वीकारलं.

“आत्मा म्हणजे वाफ,” व्यासपीठावरून बर्फबाबा सांगत होते. “तुमच्या तोंडातली वाफ उन्हात दिसते? नाही दिसत. गारठ्यात दिसते. आत्म्याचं अक्षरही तसंच.”

लोकांनी माना डोलावल्या. विज्ञानाचा एवढा वास आला की माणसं पुढचं तपासत नाहीत, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची पद्धत ठरलेली होती. ते भक्ताला एक कोरा कागद देत. तो आठवडाभर उशाखाली ठेवून परत आणायचा. मग कागद पेटीत जाई, बाबा अर्धा तास बोलत, आणि बाहेर काढलेल्या गार कागदावर गेलेल्या माणसाचं पत्र उमटलेलं असे. स्वतःचा कागद आणलेला चालत नसे. आत्म्याला तो ओळखू येत नाही म्हणे.

गेलेली सगळी माणसं तिकडं सुखात होती. सगळ्यांचं अक्षर एकाच बाजूला कललेलं होतं. आणि बाबांच्या नव्या आश्रमाच्या बांधकामाची सगळ्यांनाच ओढ लागली होती. हयातीत शेजाऱ्याला काडेपेटी न देणारेही मेल्यावर कर्णाचे अवतार होत होते. मरणानं माणूस सुधारतो म्हणायचा.

त्या रविवारी पत्र आलं ते घड्याळजीकाकूंना. काकूंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. बाबांनी आपल्या रिवाजाप्रमाणे पत्र मोठ्यानं वाचलं. “राणीसरकार, मी सुखात आहे. घर आणि ठेवी आश्रमाला दे. आश्रम आपल्या छकुलीला सांभाळेल. तिला रोज बरोबर पाच वाजता प्रार्थनेला पाठव.”

राणीसरकार हा शब्द ऐकला आणि काकू हुंदके देऊन रडू लागल्या. घरातलं ते नाव परक्या माणसाला कसं कळणार? पहिल्याच भेटीत भरून घेतलेल्या अर्जात ‘एकमेकांना काय म्हणत असा?’ असा रकाना होता आणि तो त्यांनीच भरला होता, हे त्या साफ विसरल्या होत्या.

छकुली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. वय पस्तीस, समज सहा-सात वर्षांच्या मुलीची. आपल्या दोघांनंतर तिचं काय, हा घड्याळजींच्या जिवाला लागलेला घोर होता. त्याच घोरापायी त्यांनी तीन दुपारी फाईलताईंसमोर बसून सगळी व्यवस्था लावली होती: घर छकुलीला राहायला, ठेवी तिच्या देखभालीला, आणि लक्ष ठेवायला कार्यालय. पण ती व्यवस्था मोडण्याचा हक्क काकूंना होता. तो त्या आता वापरणार होत्या. पत्रात ते सांगतील तसंच करणार, असं आदल्याच दिवशी कार्यालयात येऊन सांगून गेल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “आधी तुम्ही स्वतः येऊन बघा, ताई, मग माझा कागद करा.”

ताईंनी बघितलं होतं. विश्वास मुळीच बसला नव्हता. पण ही युक्ती आहे कशी, तेही कळलं नव्हतं. नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हणून भागत नाही. कसं खोटं आहे, ते दाखवावं लागतं.

सोमवारी काकू अर्ज घेऊन हजर झाल्या. ताईंनी परोपरीनं समजावलं. आश्रमावर देखरेख कोण करणार, उद्या बाबा गाव सोडून गेले तर छकुली कुणाच्या दारात उभी राहणार, सगळं विचारून झालं.

“तुमच्यावर विश्वास आहे, ताई,” काकू शांतपणे म्हणाल्या. “पण त्यांच्यावर चाळीस वर्षांचा आहे.”

ताईंनी अर्ज घेतला आणि पुरावा म्हणून पत्र मागितलं. काकूंनी पर्समधून आठ घड्या घातलेला कागद काढून दिला.

आता या कार्यालयाचे दप्तरी म्हणजे एक वल्ली. घडीवर कागद फाटतो, म्हणून फाईलला लागणारा प्रत्येक चुरगळलेला कागद ते आधी कोमट इस्त्रीनं सपाट करत. सगळं कार्यालय त्यांना परीट म्हणून चिडवी. पण तीस वर्षांपूर्वीची मृत्युपत्रं त्यांच्या कपाटात अजून धडधाकट होती. त्यांनी ते पत्रही आपल्या खोलीत नेलं. दोन मिनिटांत ते परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा हातातल्या कागदासारखाच पांढरा पडला होता.

कागद कोरा होता. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

काकू खुर्चीतून उठल्याच. “त्यांचं पत्र पुसलंत तुम्ही,” एवढंच त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. दप्तरी शपथा घेऊ लागले की इस्त्री नेहमीचीच होती, नुसती कोमट. बावीस वर्षांत पहिल्यांदा ताईंच्या हातून कुणाचा कागद नष्ट झाला होता.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. उष्णतेनं अक्षर गेलं. बाबांकडं ते थंडीनं येतं. ताईंनी कागद उचलला आणि तडक कार्यालयाच्या उपाहारगृहातल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नेऊन ठेवला. अर्धा तास तिघंही आचाऱ्याच्या शिव्या खात तिथंच बसून राहिली. मग ताईंनी कागद काढला. “राणीसरकार, मी सुखात आहे.” सगळं पत्र जसंच्या तसं परत आलं होतं.

“बघा,” काकूंनी डोळे पुसले. “इथंही आले ते.”

ताईंनी कपाळावर हात मारला नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी दप्तरींना समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानात पिटाळलं. खोडता येणाऱ्या शाईचं म्हणून मुलं जे पेन वापरतात, ते त्यांनी आणलं. ताईंनी कागद पुढं केला. “काकू, मनात येईल ते लिहा.”

काकूंनी लिहिलं, ‘मला काही कळत नाही.’ दप्तरींनी इस्त्री फिरवली, अक्षर गेलं. कागद बर्फात ठेवला, काढला. ‘मला काही कळत नाही’ हजर. काकूंचंच गोल अक्षर, काकूंचीच शाई.

“ही शाई गरम झाली की दिसेनाशी होते आणि खूप गार झाली की परत दिसते,” ताई म्हणाल्या. “बाबा आधी लिहितात, इस्त्री करतात आणि कोरा म्हणून तुमच्या हातात देतात. काकू, ही पेटी मेलेल्यांची पत्रं आणते ना? मग तुमचं कसं आलं? तुम्ही तर समोर बसला आहात.”

काकूंनी आपला कागद उलटसुलट करून पाहिला. मग अगदी लहान आवाजात म्हणाल्या, “म्हणजे ते बोललेच नाहीत माझ्याशी.”

ताईंना भरून आलं. त्यांनी घड्याळजींची फाईल मागवली आणि शेवटचं पान उघडलं. लेकीला कसं सांभाळावं याच्या सूचना त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या, सही करून. ताई वाचू लागल्या.

“छकुलीला सकाळी घाई करू नये. तिच्या खोलीचं दार पूर्ण लावू नये. तिला घड्याळ कळत नाही. मी जन्मभर घड्याळं नीट केली, पण तिला ते शिकवू शकलो नाही. तिला अमुक वाजता असं कधी सांगू नये, ती घाबरते. चहा झाल्यावर, अंधार पडल्यावर, असं सांगावं.”

“बरोबर पाच वाजता,” काकू पुटपुटल्या. “हे लिहितील होय असं? मला कालच कसं कळलं नाही?” मग त्यांनी आपला अर्ज ओढून घेतला आणि त्याचे चार तुकडे केले.

पुढच्या रविवारी काकू पुन्हा सभागृहात गेल्या. पुढच्या पत्रासाठी बाबांनी गेल्याच वेळी कोरा कागद दिला होता. पेटीत ठेवायला मात्र काकूंनी तसलाच दुसरा, इस्त्री फिरवलेला दिला. बाबा अर्धा तास बोलले, कागद काढला आणि सवयीनं मोठ्यानं वाचू लागले. “बाबा, हे पत्र मी जिवंतपणी, दुपारी जेवण झाल्यावर लिहिलं…” त्यांनी कागद घाईघाईनं दुमडला.

उरलेलं काकूंनी उभं राहून सांगितलं. बाबांनी दुष्ट शक्ती, कलियुग, ग्रहांची चाल वगैरे बरंच काढलं. पण तोवर तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्म्याच्या डबीची कड आपल्या वडिलांच्या पत्रावर जोरात घासली होती आणि वडिलांचं अर्धं वाक्य नाहीसं झालं होतं. मग सगळं सभागृह पत्रं घासायला लागलं.

“रागावू नका कुणी स्वतःवर,” काकू म्हणाल्या. “आपलं माणूस गेलं की त्याचा एक शब्द ऐकायला आपण काहीही देऊ. हा माणूस तेच विकतो. पण कुणी चमत्कार दाखवला, तर एवढं विचारा: कागद कुणाचा, पेन कुणाचं, फायदा कुणाचा? गेलेल्यांना काही लिहिता येत नाही. लिहायचं ते जिवंतपणी.”

दुसऱ्या दिवशी त्या छकुलीला घेऊन कार्यालयात आल्या. ताईंना वाटलं, काहीतरी विसरलं असेल. काकूंनी खुर्ची पुढं ओढली, लेकीला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, “त्यांच्या पानाखाली माझंही एक पान लावा. हिचे केस कसे विंचरायचे, ते त्यांना माहीत नव्हतं.”