बरग्याचं दुसरं टोक

नदीला पाणी आलं की माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, असं पारूबाईला लहानपणापासून वाटायचं. पण त्या भाद्रपदात वडगेवाडीच्या बंधाऱ्यावर सगळा गाव ओरडत होता.

ओरडणार नाही तर काय करील बिचारा! दोन वर्षं येरळा कोरडी ठाक. पाऊस असा लहरी झालेला, की मृगात यायचा तो गौरी-गणपती उरकल्यावर उगवायचा, नाहीतर तोंडच दाखवायचा नाही. आता कुठं नदी वाहू लागली होती, आणि सरपंच पारूबाई म्हणत होती, बरगे घालू नका. बरगे म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचांत बसवायच्या लांब लाकडी फळ्या. त्या घातल्या की पाणी अडतं, नाहीतर आलं तसं निघून जातं.

"पाणी दारातनं चाललंय, आन आमी काय त्येला ववाळत बसायचं व्हय?" लालासाहेब म्हणाले. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, गावचे उपसरपंच, आवाज अजून परेडीवरचा.

"ठराव झालाय, लालासाब. चार गावांचा."

झाला होता खरा. उन्हाळ्यात साताऱ्याकडच्या दोन आणि सांगलीकडच्या दोन ग्रामपंचायती एका सतरंजीवर बसल्या होत्या. जिल्ह्याची हद्द माणसांनी आखली, नदीला तिचं काय! पाऊस असाच फिरत राहिला तर ज्यानं त्यानं आपापलं पाणी अडवून कुणाचंच भागणार नाही, हे तिथं सगळ्यांना पटलं. म्हणून अडवायचं ते शेपटाकडून. आधी सगळ्यात खालचं निंबठाण बरगे घालणार. त्याचं भरलं की एसटीच्या कंडक्टरकडून वर सांगावा येणार, मग त्याच्या वरचं गाव, मग त्याच्या वरचं, आणि शेवटी वडगेवाडी. ही गोष्ट मांडली पारूबाईनं आणि पहिला शब्दही तिनंच दिला. राखीव जागेवर निवडून आलेली बुद्धवाड्यातली बाई, तिचा शब्द किती टिकतो ते बघायला दोन्ही जिल्हे टपलेले. तो मोडला असता तर ती सतरंजी पुन्हा कुणी अंथरली नसती.

पण पाणी खाली गेलं तरी निंबठाणचा सांगावा काही येईना.

"दिस बुडायच्या आत सांगावा आला तर ठीक," लालासाहेब म्हणाले. "न्हाईतर आमी घालनार बरगे. मग बसा तुमी तुमच्या ठरावाला कवटाळून."

"मीच घिऊन येते सांगावा," पारूबाई म्हणाली आणि तडक एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.

खिडकीतून नदी दिसत होती. कधी बाभळींच्या आड जायची, कधी अगदी रस्त्याला खेटून चालायची. पाणी आणि गाडी दोघंही खालच्या अंगाला निघालेली, कुणालाच घाई नव्हती. पारूबाईचा डोळा लागला. स्वप्नात आई आली. आई ह्याच नदीवर धुणं धुवायची, पण सगळ्यांच्या खालच्या अंगाला. तिथंच धुवायची परवानगी होती. लुगडं पिळायला दुसरं टोक धरायची लहानगी पारू, कारण दुसरं कोण धरणार? आता स्वप्नात दोघी लुगडं पिळत होत्या आणि पाणी काही संपत नव्हतं. ते काठावरून ओघळलं, वाळूत शिरलं, वाहायला लागलं, आणि आई म्हणाली, "पिळ अजून. लय लांब जायचंय त्येला."

गाडीला हिसका बसला आणि ती जागी झाली. निंबठाण आलं होतं.

तिथलं दृश्य बघून तिला घेरीच यायची बाकी राहिली. बरगे काठावर नीट रचून ठेवलेले, आणि पाणी मोकळंच्या मोकळं कृष्णेकडं चाललेलं! निंबठाणचे सरपंच आप्पासो, द्राक्षबागेचे मालक, शांतपणे टोपी सारखी करत पुढं आले.

"जयभीम सरपंचबाई. आवं, म्हाळ चालू हायती न्हवं. पितरांच्या पंधरवड्यात नवं काम कसं धरावं? अमावस्या सरू द्या. घट बसले की नारळ फोडून झकास बरगे घालू."

"तवर नदी थांबतीया व्हय तुमच्या नारळासाठी?" पारूबाईचे डोळे भरून आले, रागानं. "आमची मानसं तिकडं काळजावर धोंडा ठिऊन पानी सोडत्यात, आन तुमी ते बघत बसलाय?"

आप्पासो तसा भला माणूस होता, पण रिवाजापुढं कधी गेला नव्हता.

"बरं. तुमाला म्हाळ हायत, मला न्हाईत," असं म्हणून पारूबाईनं पदर खोचला आणि सरळ पाण्यात उतरली. गार पाणी कमरेला लागलं. काठावरचा बरगा तिनं ओढून घेतला, एक टोक खाचेत धरलं. पण बरगा काही एकट्याचं काम नव्हे. दुसरं टोक पाण्यानं भरकटून जायला लागलं. तिनं मान वर केली. काठावरची माणसं आपापल्या पायांकडं बघत होती. कुणाला म्हाळाची भीती, कुणाला आणखी कशाची, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ही शांतता तिच्या जुन्या ओळखीची होती. तिला आईची फार आठवण झाली.

तेवढ्यात आप्पासोंची म्हातारी आई राहीबाई कावळ्याला घास ठेवायला नदीवर आली. पत्रावळ हातात तशीच धरून तिनं एकदा पाण्यातल्या बाईकडं बघितलं, एकदा लेकाकडं.

"आरं आप्पा, म्हाळात पितरांस्नी काय देता रं तुमी?"

"घास, आन... पानी."

"पानीच न्हवं? मग ते आपल्या पायानं दारात आलंय तर त्येला वाटंला लावताय? तुझा बाप तानलेला गेला म्हणून मी वरीसभर रडले, आन तू मला म्हाळ शिकवतोस?" पत्रावळ लेकाच्या हातात कोंबून म्हातारी काठी टाकून पाण्यात शिरली आणि बरग्याचं दुसरं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं. "हं. घाल गं लेकी."

बरगा खाचेत बसला. मग मात्र काठावर कुणाला उभं राहवेना. सगळे धडाधड पाण्यात उतरले, आप्पासो सगळ्यांच्या पुढं.

दुपार कलली तसं पाणी तुंबून पायऱ्या चढलं आणि बरग्यांवरून सांडू लागलं. राहीबाईनं पारूबाईला घरी नेलं, आपलं धुतलं लुगडं नेसायला दिलं आणि ओलं लुगडं न पिळताच बोचक्यात बांधून दिलं. पारूबाईनंच तसं मागितलं होतं.

परतीच्या गाडीत ते बोचकं मांडीवर टपटपत होतं. कंडक्टर कुरकुरला, मग हसला. पुढच्या गावाच्या थांब्यावर तिनं खिडकीतून हाक दिली, "निंबठाण भरलं! आता तुमी घाला!" आणि माणसं नदीकडं धावली.

वडगेवाडीला पोचली तेव्हा ऊन बंधाऱ्यावरून उतरत होतं. लालासाहेब बरग्यांपाशी उभे, गडी हात लावायच्या तयारीत.

"सांगावा?" त्यांनी विचारलं.

पारूबाईनं बोचकं सोडलं, ओल्या लुगड्याचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं त्यांच्यापुढं केलं. "निंबठाणचं पानी हाय ह्यात. तिथला पयला बरगा मी घातलाय. पिळून बघा."

सगळा गाव बघत होता. बुद्धवाड्यातल्या बाईच्या लुगड्याचं टोक सुभेदारानं धरायचं! लालासाहेबांचा हात अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यांनी बाह्या सारल्या, टोक धरलं आणि पीळ दिला. पाण्याची धार बंधाऱ्याखाली वाहत्या नदीत पडली आणि पुन्हा निंबठाणच्या वाटेला लागली. पारूबाईला रडू आवरेना.

"आपला नंबर कवा मग?" लालासाहेबांनी हळूच विचारलं.

"मधल्या दोन गावांचं भरलं की."

ते बरग्यांच्या ढिगावर जाऊन बसले, गड्यांकडं बघून म्हणाले, "जावा घरी. तवर हितं कुणी हात लावायचा न्हाई." टोक मात्र त्यांनी अजून सोडलं नव्हतं.