भुंगा पायी चालला तो दिवस

मी एक जुने खोगीर आहे. मित्रांनो, 'खोगीरभरती' हा शब्द आठवून मला हसू नका. माझ्या पोटातली लोकर एका मानी बाईने स्वतःच्या हाताने भरली आहे, आणि माझ्यावर बसून तिने साऱ्या शहराची तोंडे बंद केली आहेत.

माझा जन्म चामड्याच्या वासाने भरलेल्या एका कारखान्यात झाला. मूळ मालक वारले होते आणि त्यांची एकुलती मुलगी कारभार पाहत होती. कातडे कापायची रापी आणि टोचायची आरी तिने लहानपणी बाबांच्या शेजारी बसूनच हाती घेतली होती. तिला सगळे मालकीणबाई म्हणत. तोंडावर आदराने आणि पाठीमागे नाक मुरडून, कारण ती कुणाचे ऐकून घेणारी नव्हती. त्याच गल्लीत तिच्या सख्ख्या काकांचाही खोगिरांचा कारखाना होता. भावाचा कारखाना आपल्या घशात कधी पडतो, याकडे ते डोळे लावून बसले होते.

एके सकाळी दारात एक तांबूस घोडी थांबली. तिच्यावरून जो उतरला, त्याला सारे शहर भुंगा म्हणे. मोठ्या घरचा धाकटा मुलगा, देखणा, जिभेवर साखर, आणि या फुलावरून त्या फुलावर. तो रस्त्याने निघाला की आया मुलींना घरात ओढत आणि मुली खिडकीशी धावत. मालकीणबाईला हसवून दाखवतो, अशी मित्रांशी पैज मारून तो आला होता. हातात गुलाबांचा भला मोठा गुच्छ.

"खोगीर हवंय," तो म्हणाला, "आणि करणाऱ्या हातांच्या मालकिणीचं एक हसू."

तिने गुच्छ घेतला आणि सरळ घोडीपुढे धरला. घोडीने तो चवीने फस्त केला. मग तिने घोडीवरचे जुने खोगीर उतरवले, आणि तिचा चेहरा कठोर झाला. घोडीच्या पाठीला मोठी जखम होती.

"शहरभरच्या बायकांचे डोळे तुम्हाला पाठ आहेत," ती म्हणाली. "आणि ही बिचारी रोज तुम्हाला वाहून नेते, तिची पाठ कधी पाहिली नाहीत?"

भुंगा वाकून घोडीची पाठ पाहू लागला. असे त्याच्या आयुष्यात पूर्वी घडलेच नव्हते.

घोडी बरी होईपर्यंत ती कारखान्याच्या अंगणात राहिली आणि तो रोज तिची जखम धुवायला येऊ लागला. आधी पैजेसाठी, पुढे पैज तो विसरूनच गेला. रिकाम्या हाताने बसलेला माणूस मालकीणबाईला खपत नसे, म्हणून तिने त्याला लोकर पिंजायला बसवले. एका दुपारी त्याच्या मिशीत, भुवयांत, कानांत लोकर अडकली आणि तो म्हाताऱ्या बोकडासारखा दिसू लागला. ती खळखळून हसली. पैज तो जिंकला होता. पण मित्रांना त्याने हे कधीच सांगितले नाही. तीच लोकर माझ्यात भरली गेली.

पण लोकांची तोंडे काय धरता येतात? भुंगा रोज त्या दारात बसतो, ही बातमी घरोघर गेली. जुनी गिऱ्हाइके पाठ फिरवू लागली. त्यातच खोगीरवाल्यांच्या मंडळाची बैठक भरली. मंडळाचा शिक्का मिळाल्याशिवाय बाबांच्या जागी तिला कारखाना चालवता येणार नव्हता. नमुना म्हणून मला मेजावर ठेवले होते, म्हणून सारे मी ऐकले.

काका उठले. "पोरगी माझ्या रक्ताची आहे, बोलताना जीव तुटतो. पण जिच्या दारात भुंगा घोंगावतो, तिला शिक्का द्यायचा?"

तेवढ्यात मागून भुंगाच उभा राहिला. "मी पैज मारून गेलो होतो," तो म्हणाला. "या बाईंनी माझी फुलं घोडीला चारली आणि मला लोकर पिंजायला बसवलं. तिथं मला मजुराइतकाही मान नव्हता. विचारा कोणालाही."

सभागृहात हशा पिकला. ज्याच्या ऐटीवर शहर भाळत होते, त्याने भर सभेत स्वतःचे हसे करून घेतले होते, आणि मान खाली घातली नव्हती.

काका मात्र हटले नाहीत. "मग खोगिराची परीक्षा होऊ द्या! माझं एक, तिचं एक. डोंगराला वळसा घालून परत."

"मी बसतो तिच्या खोगिरावर," भुंगा म्हणाला.

"नको," मालकीणबाई म्हणाली. "तुम्ही बसलात तर लोक म्हणतील, भुंग्यानं तारलं. घोडी द्या. मीच बसेन."

दुसऱ्या दिवशी सारा बाजार रस्त्यावर लोटला. भुंग्याने पाय ठेवायची रिकीब धरली, तिला माझ्यावर बसवले आणि लगाम हाती घेऊन तो घोडीपुढे पायी चालू लागला. "भुंगा पायी! भुंगा पायी!" लोक ओरडले. त्याने हसून मुजरा केला, वेशीपर्यंत चालतच राहिला आणि तिथे लगाम तिच्या हाती दिला.

काकांचा स्वार चाबूक उडवत बाणासारखा सुटला. आम्ही दमाने निघालो. डोंगराच्या कडेला दगड घसरू लागले, तेव्हा तिच्या मुठी माझ्यावर घट्ट आवळल्या. ती घाबरली होती. पण ती खाली उतरली, पोटाखालचा माझा तंगाचा पट्टा नीट केला, घोडीच्या कानात काहीतरी बोलली आणि पुन्हा चढली. आम्ही परतलो तेव्हा काका हारतुऱ्यांत बुडाले होते.

"थांबा," मंडळाचे वृद्ध प्रमुख म्हणाले. "ही शर्यत नव्हती. खोगिरं उतरवा."

त्यांनी काकांच्या घोड्याच्या पाठीवर हात ठेवला. तो वेदनेने उडाला. कातडी सोलली होती. मग त्यांनी तांबूस घोडीच्या पाठीवर हात फिरवला. तिने सुखाने डोळे मिटले.

तापलेला शिक्का माझ्या कातड्यावर उमटला तेव्हा मला चटका बसला. मित्रांनो, तसा चटका रोज बसला तरी मी कुरकुरणार नाही! लोकांनी तिच्या नावाचा गजर केला, आणि काकांचे हार जमिनीवर पडले.

गर्दी ओसरल्यावर ती भुंग्याला म्हणाली, "आता विचारा."

"काय?"

"लोकर पिंजताना रोज ओठांवर आणून गिळत होतात, ते."

त्याने विचारले.

"कारखान्याच्या पाटीवर नाव माझंच राहील," ती म्हणाली. "आणि भुंगा पुन्हा उडाला तर लक्षात ठेवा, कातडं कमवायला मला येतं."

भुंगा उडाला नाही. त्यांचा संसार भरला, त्यांचे केस पिकले. त्यांच्यामागे मात्र मी माळ्यावर पडलो. उंदरांनी माझी शिवण कुरतडली, कातडे तडकले. मला वाटले, संपले सारे. पण त्यांच्या नातीने एके दिवशी मला खाली आणले, तेल चोळले, सुटलेले टाके पुन्हा घातले.

मित्रांनो, जे तुमच्या उपयोगी पडते, त्याची विचारपूस करा. चामड्याला तेल लागते आणि जिवाला मायेचा हात. दोन्ही वेळेवर मिळाले तर जुने कधी निकामी होत नाही.

पण आता फार बोलायला वेळ नाही. ती नात बाहेर उभी आहे, नवा घोडा खूर आपटतो आहे, माझा तंग आवळला जातो आहे. सरा बाजूला, आम्हाला वाट द्या!