जोतीतात्यांचं 'नो मोअर'

बारामतीतल्या ठिबक सिंचनाच्या दुकानात लागून प्रतिक्षाला तीनच महिने झाले होते. तिला काम शिकवणारे जोतीतात्या त्या सोमवारी इंदापूरच्या शाखेत बदलून गेले. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर कळव. इंग्रजीत टाक, बरं दिसतं."

लासुर्ण्याच्या शाळेत इंग्रजीत पहिली येणारी ती. झरझर लिहिलं, 'जोतीराम सर इज नो मोअर विथ अस. प्लीज कॉन्टॅक्ट प्रतिक्षा.'

पहिले जोडलेले हात आले तेव्हा तिला वाटलं, लोक नमस्कार करतायत. तिनेही उलट हात जोडले. मग कुणीतरी हाराचं चित्र टाकलं. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ती बघतच राहिली.

तेवढ्यात वालचंदनगरच्या एका मास्तरांचा फोन आला. "कशानं गेले गं जोतीराव?"

"मोटारसायकलवर."

"अरारा! ॲक्सिडेंट?"

"अहो न्हाय! इंदापूरला गेल्यात, बदलीवर!"

"पोरी, 'नो मोअर' म्हणजे माणूस वारला. 'नाऊ वर्क्स इन इंदापूर' लिहायचं, सरळ."

प्रतिक्षानं लगेच तात्यांना फोन लावला, ते गाडीवर, उचलेनात. आणि कळंबहून त्यांच्या बायकोचा, साखरबाईंचा फोन आला.

"शेजारचा सर्जेराव मोबाईल दावतुया. आमचं मालक कुठं हायती? खरं सांग."

"काकू, तात्या बरं हायती! मीच चुकीचं लिवलं..."

पलीकडं फोन पडल्याचा आवाज झाला. पुन्हा कुणी उचलला नाही.

ती तशीच कळंबच्या एसटीत बसली. मास्तरांनी सांगितलेलं वाक्य अक्षर न् अक्षर तपासून ग्रुपवर टाकलं. वाटेत तात्यांचा फोन आला, "अगं, हितं मला बघून एकाच्या हातातनं चहाचा ग्लास सुटला. काय केलंस काय तू?"

"तात्या, आधी घरी चला," एवढंच तिला बोलता आलं.

कळंबला अंगण बायकांनी भरलेलं. साखरबाई भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे कोरडे. प्रतिक्षा परोपरीनं सांगत होती, त्यांच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. अर्ध्या तासानं मोटारसायकल दारात थांबली. साखरबाई उठल्या, नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, आणि मगच त्यांना रडू फुटलं.

प्रतिक्षानं त्यांचे पाय धरले. त्यांनी तिला उठवलं नाही, झिडकारलंही नाही. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मराठीत लिवायचं हुतं की गं. मला वाचता येतं."